हात सोडला की सुटला?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"शाळेनं मला काय दिलं" या विषयावर दहा मिनिटं बोल, असं मला सांगण्यात आलं होतं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी संस्कार, शिस्त, मैत्री हे सगळं सांगून टाकलं आहे, आणि ते खरंच आहे. त्यामुळे माझ्या वाट्याला एक खांब उरला आहे. आपल्या मैदानावरचा खो-खोचा खांब. मी आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे. दहा मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला तर सांभाळून घ्या.

आपल्या मुलींच्या संघातल्या पाचजणी आज इथे आहेत, म्हणून अकोल्याची गोष्ट त्यांना आठवत असेल. बाकीच्यांसाठी सांगते. १९९४ चा हिवाळा. आपण नववीत. आंतरशालेय सामन्यासाठी आपला संघ अकोल्याला गेला होता. पहाटेची एस.टी., बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोला. तेव्हा तो रस्ता हाडं खिळखिळी करायचा. पुढे त्याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद होणार आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. मी कर्णधार होते. आमच्यात खेळ कमी आणि मस्ती जास्त, पण एक मुलगी मात्र अस्सल होती. खांबावर तिच्यासारखा सूर मारणारी मुलगी मी नंतर पाहिली नाही. तिचं नाव मी घेणार नाही. काल तिनेच बजावलं आहे. पण ती इथेच बसली आहे आणि तुम्ही सगळे तिला ओळखता.

ज्यांनी खो-खो खेळला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. पाठलाग करणाऱ्या खेळाडूवर सगळी बंधनं असतात. तिने एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्या खेळाडूवर यातलं काहीच नसतं. म्हणून चलाख पळणारी खांबाच्या आसपास घुटमळते. तिला तिथे गाठायचं तर एका हाताने खांब धरून सगळं अंग बाहेर फेकायचं आणि दुसऱ्या हाताने तिला शिवायचं. त्या एका क्षणी सगळं शरीर खांबावरच्या पाच बोटांवर तोललेलं असतं. हात टिकला तर गडी बाद. हात सुटला तर तुम्ही मातीत आणि ती पुढे.

शेवटचं मिनिट चालू होतं. एक गडी बाद झाला असता तर बरोबरी होती. तिने सूर मारला. चार बोटांचं अंतर राहिलं, आणि खांबावरचा हात निसटला. कोपर सोलून निघालं. शिट्टी वाजली. आपण एका गुणाने हरलो.

आता माझा भाग. मी धावत तिच्याजवळ गेले. तिला उठवायला नाही. मी सगळ्यांसमोर ओरडले, "हात काहून सोडला व?"

ती म्हणाली, "म्या नाई सोडला. सुटला."

मला तो फरक तेव्हा कळला नाही. कळून घ्यायचाही नव्हता. परतीच्या गाडीत कोणी तिच्याशी बोललं नाही, आणि त्याला कारण मी होते. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही. दहावीचा अभ्यास आहे, घरचे नको म्हणतात, अशी कारणं तिने सांगितली. आपण ती खरी मानली, कारण ती आपल्याला सोयीची होती.

हे सगळं मी विसरले होते असं म्हणणार नाही, पण एका कोपऱ्यात टाकून दिलं होतं. ते बाहेर आलं ते भलत्याच ठिकाणी, अमेरिकेत, एका बागेत.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्याचे पैसे मिळतात. एका प्रकल्पासाठी काही महिने कॅलिफोर्नियात होते. तिथले सहकारी शनिवारी मला डिस्क गोल्फ खेळायला घेऊन गेले. हा खेळ गोल्फसारखाच, फक्त चेंडू आणि काठीऐवजी प्लास्टिकची तबकडी हाताने फेकायची. आपल्याकडे मुलं फ्रिस्बी खेळतात ना, तिचीच जरा लहान, जड आणि धारदार कडेची बहीण. जमिनीतल्या भोकाऐवजी इथे उभी टोपली असते. मधोमध एक लोखंडी खांब, वर एक कडं, त्या कड्यातून खाली लोंबणाऱ्या साखळ्या, आणि साखळ्यांच्या खाली तारेची टोपली. तबकडी साखळ्यांवर आदळली पाहिजे, तिथेच थांबली पाहिजे, आणि खाली टोपलीत पडली पाहिजे. पडली की साखळ्यांचा खळ्ळकन आवाज होतो. तो आवाज ऐकण्यासाठीच लोक खेळतात की काय असं वाटतं.

माझ्या बरोबरच्या एकाने चांगली सरळ फेक केली. तबकडी साखळ्यांच्या बरोबर मधोमध लागली, खळ्ळ आवाज झाला, आणि ती पलीकडून बाहेर पडली. तो वैतागून म्हणाला, "दुसऱ्या बागेत हीच फेक आत राहिली असती." मला वाटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण पुढच्या आठवड्यात आम्ही खरंच दुसऱ्या बागेत गेलो. तिथल्या टोपल्या नव्या होत्या, साखळ्या दुहेरी होत्या. तशाच फेकी तिथे मुकाट आत बसत होत्या. अंगण खरंच वाकडं होतं.

आपल्या धंद्यात याला फार मोठी किंमत आहे. एकच प्रोग्रॅम, एकच माहिती, आणि तपासणी कधी पास, कधी फेल. असं झालं की नवशिका माणूस प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोष देतो. चार वर्षं मार खाल्लेला माणूस आधी विचारतो की तपासणी करणारं यंत्र धड आहे का. वऱ्हाडात हे इंजिनिअरांनी शिकवायची गरज नाही. कापसाची गाडी घेऊन गेलेला प्रत्येक शेतकरी हे जाणतो. कापूस कमी भरला तर तो आधी काट्याकडे पाहतो, मग कापसाकडे. म्हणून तर वजनकाट्याला आपल्याकडे धर्मकाटा म्हणतात.

मी घरी येऊन त्या टोपलीचा इतिहास वाचून काढला. वाचता वाचता मला अकोला दिसू लागलं, म्हणून तुम्हालाही थोडक्यात सांगते.

सुरुवातीला या खेळात टोपली नव्हतीच. लोक झाडाला, दिव्याच्या खांबाला, कचऱ्याच्या डब्याला तबकडी मारायचे. मग भांडणं. लागली, नाही लागली, नुसती घासून गेली. एड हेड्रिक नावाचा माणूस फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम करत होता. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं. तिथेही आधी नुसते खांबच होते. मग त्याने साखळ्या आणि टोपलीची युक्ती काढली, आणि १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. वाद मिटला. तबकडी टोपलीत आहे किंवा नाही. पंचाची गरज नाही.

पण एक वाद मिटला की दुसरा सुरू होतो. तबकडी टोपलीत राहणं हे आता फेकणाऱ्यावर जितकं अवलंबून, तितकंच टोपलीवर. साखळीला दोन कामं करायची असतात. वेगाने येणाऱ्या तबकडीचा पुढे जाण्याचा जोर शोषून घ्यायचा, आणि ती स्वतःभोवती गरगर फिरत असते ती फिरकी थांबवायची. साखळ्या सैल आणि पुरेशा जड असतील तर त्या हलतात, तबकडीचा जोर स्वतःकडे घेतात आणि तिला हळूच खाली सोडतात. साखळ्या हलक्या किंवा विरळ असतील तर तबकडी दोन साखळ्यांच्या फटीतून आरपार जाते, नाहीतर मधल्या खांबावर आपटून परत बाहेर येते. म्हणून पुढे बाहेरची एक आणि आतली एक अशी साखळ्यांची दोन वर्तुळं आली. आतली रांग खांबाला झाकते.

या खेळाची संघटना हेड्रिकनेच १९७६ मध्ये सुरू केली. ती टोपल्या तपासून मान्यता देते आणि त्यांच्या तीन श्रेणी करते. साधी, मध्यम आणि मोठ्या स्पर्धांसाठीची. टोपलीची वरची कड जमिनीपासून किती उंच असावी तेही ठरलेलं आहे, ८२ सेंटिमीटर, त्यात ६ सेंटिमीटर कमी-जास्त चालतं. हे 'कमी-जास्त' माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. जगात कुठलीही वस्तू अगदी अचूक मापाची बनत नाही. म्हणून नियमात माप लिहायचं आणि त्याच्या शेजारी सूट किती तेही लिहायचं. ती सूट किती मोठी ठेवता, त्यात खेळ राहतो किंवा बिघडतो. मापं मर्यादेत बसली तरी दोन टोपल्या सारख्या वागतील याची खात्री नाही. साखळी नवी की गंजलेली, खांब सरळ की कललेला, यावरही पुष्कळ ठरतं. त्यामुळे मोठ्या स्पर्धेचे खेळाडू आधी येऊन त्याच टोपल्यांवर सराव करतात.

हे वाचून झाल्यावर रात्री मी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला. आपल्या खो-खोच्या खांबाचं माप काय होतं? मी चार वर्षं तो खांब धरला, पण तो किती जाड असावा हे मला माहीत नव्हतं.

मग तोही इतिहास वाचला. मजा अशी की खो-खोतही सुरुवातीला खांब नव्हते. दोन्ही टोकांना खेळाडूच बसायचे, आणि पळणाऱ्यांनी त्यांना वळसा घालायचा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम बांधायला सुरुवात केली. योगायोग असा की आपल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलं तेही १९१४ मध्येच. पुढे १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांची नियमावली छापली, आणि दुसऱ्याच वर्षी, १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. ज्या गावातून खेळाडू बर्लिनला गेले त्या गावात आपण खेळत होतो, आणि आपल्याला खांबाची जाडी माहीत नव्हती.

तर माप असं. खांबाची जमिनीवरची उंची १२० ते १२५ सेंटिमीटर. जाडीबद्दल मात्र दोन वेगळे आकडे सापडतात. आपल्या वेळच्या पुस्तकांत खांबाचा घेर ३० ते ४० सेंटिमीटर दिलेला आहे. आताच्या नियमांत व्यास ९ ते १० सेंटिमीटर, म्हणजे घेर साधारण सव्वा अठ्ठावीस ते साडेएकतीस. पूर्वी सूट दहा सेंटिमीटरची होती, आता तीनची आहे.

तुम्ही म्हणाल, दहा सेंटिमीटरने काय होतं? आता सगळ्यांनी हात वर करा. लाजू नका, शाळेत आहोत. अंगठा आणि मधलं बोट जमेल तितकं ताणा. माझ्या हातात या दोन टोकांमधलं अंतर सतरा सेंटिमीटर भरतं. नववीतल्या मुलीचंही फार तर तेवढंच. आता हा हात तीस सेंटिमीटर घेराच्या खांबाभोवती घाला. अर्धा घेर पंधरा. बोटं अर्ध्याच्या पुढे जातात, खांबाच्या पाठीमागे वळतात, आणि आकड्यासारखी अडकतात. तुम्ही बाहेर झेपावलात की तो आकडा तुम्हाला धरून ठेवतो. हाच हात चाळीसच्या खांबावर ठेवा. अर्धा घेर वीस. बोटं अर्ध्यापर्यंत पोचतच नाहीत. आता मागे अडकायला काही नाही. हात फक्त चिकटून आहे, आणि बाहेर ओढ बसली की घसरणारच. घामाने ओला असेल तर आणखी लवकर.

घागर गळ्याला धरली की उचलता येते. तीच घागर एका हाताने पोटाला धरून उचलून बघा. त्यात हाताच्या ताकदीचा प्रश्न नाही, निष्ठेचा तर नाहीच.

म्हणजे अकोल्याला कोणी फसवलं का? तसं मुळीच नाही. आमचा खांब तीसच्या जवळचा असेल आणि तिथला चाळीसच्या जवळचा, तर दोन्ही नियमात होते. मला सगळ्यात जास्त याचाच त्रास झाला. कोणी लबाडी केली असती तर चिडता तरी आलं असतं. इथे सगळे प्रामाणिक, नियम पाळलेला, आणि तरी नियमाच्या दोन टोकांमधल्या त्या दहा सेंटिमीटरच्या फटीत एक मुलगी पडली. मोठ्या शहरातल्या संघांना चार मैदानांवर खेळायची सवय असते, चार जाडीचे खांब त्यांच्या हाताला माहीत असतात. आपल्यासारख्यांना एकच मैदान आणि एकच खांब. माप जितकं ढिलं, तितका तोटा एकच मैदान असलेल्याचा.

पण हा सगळा माझा अंदाज होता. अकोल्याचा खांब मी काही मोजला नव्हता. म्हणून मागच्या महिन्यात मी आपल्या खेळाच्या सरांना फोन केला. सर इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. मी म्हटलं, सर, तुम्हाला अकोल्याचा तो सामना आठवतो का? सर म्हणाले, "आठवते ना. खांब जाड होता."

मी गप्पच झाले. सरांनी त्याच दिवशी मोजला होता. सामना संपल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टीची दोरी खांबाभोवती गुंडाळली आणि जिथे टोक आलं तिथे गाठ मारली. शाळेत परत आल्यावर तीच दोरी आपल्या खांबाला लावली. गाठीच्या अलीकडे चार बोटं दोरी उरली. चार बोटं. तितकंच अंतर तिचा हात आणि ती पळणारी मुलगी यांच्यात राहिलं होतं. यातला पहिला अर्धा भाग तर मीसुद्धा पाहिला होता. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, सरांनी सगळ्यांना आलुबोंडे घेतले, आणि खिशातून ती दोरी काढून म्हणाले, "पोट्टीहो, हे गाठ पाहा. त्यायचा खांब इथलोक येते." त्यावर मी, कर्णधार, काय बोलले होते ते सरांनीच मला फोनवर आठवण करून दिलं. मी म्हटलं होतं, "सर, खांबाले काय दोष देता?" सरांनी दोरी खिशात ठेवली. खांब नियमात आहे, तक्रार करता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. रडवेल्या पोरींना घेर आणि व्यास समजावण्याची ती वेळ नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या फोनवर कळली. त्या सामन्यानंतर आपल्या मैदानावरच्या एका खांबाला सरांनी सुतळीने तरट गुंडाळलं होतं. आठवतं? आम्हाला वाटायचं, कोणाला लागू नये म्हणून. त्यासाठी नव्हतं ते. एक खांब बारीक, एक जाड. पोरींच्या हाताला दोन्हींची सवय व्हावी म्हणून. दुसऱ्या बागेत जाऊन सराव करायची सोय नव्हती, तर सरांनी दुसरी बागच इथे आणली. त्यांना कोणी इंजिनिअर म्हटलं नाही, पण मी आयुष्यात पाहिलेल्या उत्तम इंजिनिअरांपैकी ते एक आहेत. सर, आज मी हे सगळ्यांसमोर सांगते आहे, कारण त्या दिवशीचं माझं उत्तरही सगळ्यांसमोरच होतं.

आणि आता जिचं नाव घ्यायचं नाही तिला. काल संध्याकाळी आपण दोघी मैदानावर गेलो होतो. तू सांगितलंस की तुला इतकी वर्षं वाटत होतं की आपला हात कमजोर आहे. मुलीच्या शाळेत रस्सीखेच होती तेव्हाही तू मागे उभी राहिलीस. मी तुला विचारलं होतं, हात काहून सोडला. तू तेव्हाच बरोबर उत्तर दिलं होतंस. सुटला. सोडणं माणसाचं असतं, सुटणं वस्तूचं, मापाचं, नियमाचं. मराठी शब्द मला येत होते, तरी मी तो फरक ऐकला नाही. मी चुकले. एकतीस वर्षं उशिरा का होईना, माफी मागते.

(इथे सभागृहात थोडा वेळ गेला. मैत्रिणीने जागेवरूनच "बस कर व आता" असं म्हटलं, ते ध्वनिमुद्रणात आहे म्हणून छापायला दिलं आहे.)

आता कामाचं बोलते. आपल्या तुकडीने शाळेला काही द्यावं म्हणून निधी जमतो आहे. प्रवेशद्वारावर कमान बांधावी, तिच्यावर तुकडीचं नाव कोरावं, असा प्रस्ताव आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण काल मैदान पाहिलं. एक खांब कललेला आहे. दुसऱ्या खांबाला दरवर्षी २६ जानेवारीच्या आधी ऑइलपेंटचा हात दिला जातो, त्यामुळे तो काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. मी शिंप्याची टेप नेली होती. एकाचा घेर ३१, दुसऱ्याचा ३६. एकाच मैदानावर दोन माप. आजही तिथे सातवी-आठवीच्या मुली खेळतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिलांनी आणि पुरुषांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. सामने मातीवर नाही, मॅटवर झाले. म्हणजे आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलीला उद्या वर जायचं असेल तर वाट आता खरंच आहे. मॅट आपल्याला लगेच परवडणार नाही. पण खांब परवडतो. खांबाच्या बाबतीत तरी आपल्या मुलीच्या हाताने तेच धरावं जे दिल्लीत धरायचं आहे.

माझा प्रस्ताव असा. आपल्या तुकडीतल्या ज्या मित्राचं फर्निचरचं काम आहे त्याने नीट वाळलेल्या सागाचे चार खांब लेथवर उतरवून द्यावेत. दोन रोवायला, दोन राखीव. व्यास साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरची जागा राहील. वरची कड गोल घासलेली. जमिनीवर १२० ते १२५, आणि जमिनीत एवढा खोल की चार पोरी लटकल्या तरी हलू नये. ऑइलपेंट अजिबात नको.

आणि त्याबरोबर एक लाकडी पाटी. जाड प्लायचा तुकडा, त्यात दोन गोल भोकं. एक बरोबर १० सेंटिमीटरचं, एक बरोबर ९ चं. मोठं भोक खांबावरून वरपासून खालपर्यंत सरकलं पाहिजे. लहान भोक वरच अडकलं पाहिजे. पहिलं अडकलं तर खांब जाड, दुसरं आत गेलं तर खांब बारीक. कारखान्यात सुटे भाग असेच तपासतात. त्यासाठी टेप लागत नाही, गणित लागत नाही, सहावीतली मुलगी तपासू शकते. मला वाटतं तिनेच तपासावं. दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात, आणि पाहुणा संघ आला की त्यांच्या कर्णधारासमोर. दुकानातल्या किलोच्या वजनावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, मग पोरींच्या खेळाच्या खांबाला एवढी साधी तपासणी का नसावी?

हीच पाटी आपल्या मुली दुसऱ्या गावी खेळायला जाताना पिशवीत घेऊन जातील. तिथला खांब जाड निघाला तर सामना सुरू होण्याआधी अदबीने दाखवतील. आता नियम त्यांच्या बाजूने आहे. आणि समजा तरीही सामना हरल्या, तरी निदान एकमेकींना विचारणार नाहीत की हात काहून सोडला.

यासाठी येणारा खर्च कमानीच्या मानाने अगदी किरकोळ आहे. त्यामुळे कमान आणि खांब यांत निवड करा असं मी म्हणत नाही. फक्त आधी खांब, मग कमान, असा क्रम असावा एवढी विनंती आहे. समितीने होकार दिला तर खांब रोवायला सरांनाच बोलवायचं, आणि रोवल्यावर पहिला सूर कोणी मारायचा ते तुम्हाला सांगायला नको. ती म्हणते, गुडघे दुखतात. मी म्हटलं, सूर मारू नको, नुसता धरून दाखव.

ती शिट्टीची दोरी सरांनी आज बरोबर आणली आहे. गाठ अजून तशीच आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहा. त्या वेळी मी पाहिली नव्हती.

फार वेळ घेतला. मागून गिला वड्याचा वास यायला लागला आहे आणि कोणाचंच माझ्याकडे लक्ष उरलेलं नाही, हे मला इथून स्पष्ट दिसतं आहे. सर्व सरांना आणि बाईंना नमस्कार करते आणि थांबते.